लो-निकेलचा स्टेनलेस पत्रा: खान्देशात कुठे चालतो, कसा पारखायचा, कसा घडवायचा

स्टीलच्या दुकानात पत्रा मागितला की बहुतेक वेळा दोन शीट समोर येतात. दोन्ही सारख्याच चकचकीत, दोन्हींवर तेच प्लॅस्टिकचं आवरण, आणि चुंबक दोन्हींना चिकटत नाही. किलोच्या भावात मात्र भरपूर अंतर. महाग ती ३०४ ग्रेडची. स्वस्त तिला कोणी ‘टू झिरो टू’ म्हणतं, कोणी ‘जे फोर’, कोणी नुसतं ‘लो-निकेल’, म्हणजे कमी निकेलचा. मग गिऱ्हाईक विचारतं, "भाऊ, यातलं चांगलं कोणतं?" याचं उत्तर पत्रा बघून देताच येत नाही. पत्र्यावर काय सांडणार आहे, ते आधी कळायला हवं.

लो-निकेल पत्रा बदनाम आहे, पण या बदनामीला बरीचशी विक्रीच जबाबदार आहे. ३०४ म्हणून विकलेला लो-निकेल पत्रा गंजतो आणि मग सगळा लो-निकेल भिकार ठरतो. खान्देशचं हवामान या पत्र्याला तसं मानवणारं आहे. समुद्र लांब, वर्षातले आठ महिने हवा कोरडी. मुंबईत किंवा रत्नागिरीत जे रेलिंग दोन पावसाळ्यांत तांबूस होईल, ते धुळ्यात किंवा अमळनेरात वर्षानुवर्षं बरं दिसतं. पण याच खान्देशात काही कामं अशी आहेत की तिथे हा पत्रा लावणं म्हणजे पैसे पाण्यात. हा लेख वेफर्स, पापड, मसाले, डाळ असे छोटे उद्योग चालवणाऱ्यांसाठी आणि त्यांची टेबलं, टाक्या, हॉपर (वरून माल ओतायची नरसाळी) बनवणाऱ्या फॅब्रिकेटर मंडळींसाठी आहे. घरची भांडी घेणाऱ्यांसाठीही शेवटाकडे थोडं आहे.

आत काय असतं

स्टेनलेसला गंजापासून वाचवतो तो क्रोमियम. लोखंडात तो किमान साडेदहा टक्के असला की पृष्ठभागावर क्रोमियम ऑक्साइडचा अतिशय पातळ, डोळ्यांना न दिसणारा पापुद्रा तयार होतो. ओरखडा गेला तरी हवेतला ऑक्सिजन तो पुन्हा भरून काढतो. निकेलचं मुख्य काम वेगळं आहे. पोलादाची आतली रचना ऑस्टेनाइट नावाच्या रूपात टिकवणं हे ते काम. त्या रचनेमुळेच पत्रा न तुटता वाकतो, खोल ओढला जातो आणि चुंबकाला दाद देत नाही.

३०४ मध्ये क्रोमियम १८ टक्क्यांच्या आसपास आणि निकेल ८ ते साडेदहा टक्के असतं. निकेल महाग आहे, भारताला लागणारं बहुतेक बाहेरून येतं आणि त्याचा भाव कधी उसळेल याचा नेम नाही. ८ मार्च २०२२ रोजी लंडन मेटल एक्स्चेंजमध्ये निकेल टनाला एक लाख डॉलरच्या वर गेलं आणि व्यवहार थांबवावे लागले. म्हणून निकेलचं काम जमेल तितकं मँगनीज आणि नायट्रोजनकडून करून घेणारी २०० मालिका आली. २०१ मध्ये निकेल साडेतीन ते साडेपाच टक्के आणि मँगनीज साडेपाच ते साडेसात टक्के असतं. २०२ मध्ये निकेल ४ ते ६ आणि मँगनीज साडेसात ते १० टक्के. आपल्या बाजारातला ‘जे फोर’ याच्याही खाली उतरतो. त्यात निकेल जेमतेम एक टक्का, मँगनीज ९ च्या आसपास, क्रोमियम १५ ते १६ आणि दीड-दोन टक्के तांबं. ‘जे वन’ मध्ये निकेल चारच्या घरात असतं, त्यामुळे तो जास्त नरम आणि ओढकामाला बरा.

यातला क्रोमियमचा आकडा नीट बघा. निकेल उतरवलं की क्रोमियमही उतरवावा लागतो, कारण क्रोमियम रचनेला ऑस्टेनाइटपासून दूर ओढतो आणि मँगनीज त्याला निकेलइतकं धरून ठेवू शकत नाही. म्हणजे लो-निकेल पत्रा लवकर डागाळतो तो मुख्यतः क्रोमियम कमी पडल्यामुळे. म्हणून ‘निकेल किती’ एवढंच विचारून थांबू नका. क्रोमियम १५ आहे की १७, हेही विचारा.

दुकानातला हा गुळगुळीत पत्रा ‘कोल्ड रोल्ड’ असतो. ते म्हणजे काय, तेही इथेच. तापवून लाटलेली कॉइल आधी भट्टीत नरम करतात, ॲसिडने साफ करतात आणि मग न तापवता रोलरमधून दाबून पातळ करतात. दाबताना ती कडक होते, म्हणून पुन्हा सुमारे १०५० अंशांना नरम करतात आणि शेवटी हलका रोल फिरवतात. यातून जाडी सगळीकडे सारखी आणि पृष्ठभाग गुळगुळीत मिळतो. हॉट रोल्ड पत्रा जाड, खरबरीत आणि मळकट पांढरा दिसतो. टाकीच्या पायांना किंवा फ्रेमला तो चालतो, अन्न लागेल अशा जागी घेऊ नका.

सगळ्यात आधी: मीठ कुठे आहे?

ग्रेड ठरवण्याआधी कामाची चौकशी करा, आणि चौकशीत पहिला प्रश्न मिठाचा. स्टेनलेसचा खरा शत्रू मिठातला क्लोराइड. तो त्या पापुद्र्यात सुईच्या टोकाएवढी भोकं पाडतो आणि पुढचं काम आतून चालू राहतं. वरून एक तांबूस ठिपका दिसतो आणि खाली खड्डा असतो. त्यात आंबटपणा, उष्णता आणि साचून राहिलेलं ओल यांची भर पडली की वेग वाढतो.

केळी वेफर्सचं उदाहरण घेऊ. रावेर-यावल पट्ट्यात असे युनिट गावोगाव आहेत. केळी सोलायचं टेबल, कच्चा माल ठेवायचे रॅक, तयार पुडे ठेवायची ट्रॉली, भिंतीचं आवरण, भट्टीभोवतीचा बाहेरचा पत्रा या सगळ्याला लो-निकेल बिनधास्त लावा. केळीच्या चिकाने टेबल काळं पडतं, पण तो डाग वरचा असतो, पत्रा खात नाही. काप मिठाच्या पाण्यातून काढत असाल तर ते टब, आणि तळल्यावर मीठ-मसाला लावायचा ट्रे किंवा ड्रम यांना मात्र ३०४ च हवा. बजेट तुटपुंजं असेल तर पूर्ण युनिट हलक्या पत्र्यात करण्यापेक्षा मिठाची दोन-तीन उपकरणं ३०४ मध्ये आणि बाकी सगळं लो-निकेलमध्ये करा. एकूण खर्च फारसा वाढत नाही.

डाळ मिल, मसाल्याची चक्की, मिरचीचा हॉपर ही कोरडी कामं आहेत. इथे लो-निकेल नुसता चालतो असं नाही, काही बाबतीत सरस ठरतो. ३०४ ची किमान यील्ड ताकद (जिच्यापुढे पत्रा कायमचा वाकतो) २०५ मेगापास्कल धरतात, २०२ ची २६०. मँगनीज-नायट्रोजनमुळे पत्रा मुळात कडक असतो आणि घासला गेला की आणखी कडक होतो. धान्य घसरत खाली येतं त्या शूटला, म्हणजे उतरत्या पन्हाळीला, हेच हवं असतं. नंदुरबारच्या मिरचीवाल्यांनी ३०४ चा हॉपर करावा असं मला वाटत नाही. मशीन रोज पाण्याने धुत असाल तर गोष्ट वेगळी.

पापड, बिबडे, कुरडयांचा घरगुती उद्योग मधे कुठेतरी पडतो. पापडखारापेक्षा त्रास मिठाचा होतो. पीठ मळायच्या पराती आणि मिठाचं पाणी उकळायची पातेली ३०४ ची घ्या. लाटायचं टेबल आणि वाळवायच्या जाळीची चौकट लो-निकेलची पुरते. दूध, दही, पनीर, मिठाई यांत मात्र तडजोड नको, सरळ ३०४ घ्या. तिथे पदार्थापेक्षा रोजच्या धुलाईची रसायनं जास्त नुकसान करतात.

आता पाण्याची टाकी. हा प्रश्न खान्देशात फार येतो. बोअरच्या पाण्यात क्लोराइड किती, हे चवीवरून सांगता येत नाही. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत किंवा खाजगी लॅबमध्ये पाणी तपासा. अहवालातला ‘क्लोराइड’ हा आकडा टीडीएसपेक्षा (एकूण विरघळलेल्या क्षारांपेक्षा) जास्त कामाचा. ३०४ साठी साध्या तापमानाला लिटरमागे २०० मिलिग्रॅमच्या आतलं पाणी सुरक्षित धरण्याचा प्रघात आहे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात २५० पर्यंत स्वीकारार्ह आणि दुसरा स्रोत नसेल तर १००० पर्यंत चालवून घ्यायची मुभा आहे. म्हणजे पाणी पिण्याजोगं आहे म्हणून टाकीला चालेलच असं नाही. त्यात टाकी गच्चीवर, वर वैशाखातलं पंचेचाळीस अंशांचं ऊन आणि आत टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकलेलं पाणी. अशा टाकीला लो-निकेल लावू नका. ३०४ सुद्धा अहवाल बघूनच लावा. पाणी खारट असेल तर प्लॅस्टिकची टाकी स्वस्तही पडते आणि टिकतेही.

ठिबकच्या खतटाकीबद्दल तर स्पष्टच सांगतो. केळीला पांढरा पोटॅश जातो. पांढरा पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइड, निम्मं वजन क्लोराइडचं. ‘स्टीलची टाकी टिकाऊ’ म्हणून कोणी लो-निकेलची खतटाकी गळ्यात मारत असेल तर हात जोडून नको म्हणा.

जाडी आणि फिनिश

आपल्याकडे गेज चालतं आणि गेजवरूनच फसवणूक होते. ढोबळ हिशोब असा: १६ गेज म्हणजे १.६ मि.मी., १८ म्हणजे १.२, २० म्हणजे ०.९, २२ म्हणजे ०.७ आणि २४ म्हणजे साधारण ०.५५ मि.मी. बिलावर गेजऐवजी मिलिमीटर लिहून घ्या, निम्मे वाद तिथेच मिटतात.

कामाच्या टेबलाला १८ गेज धरा. २० गेजही चालतो, पण खाली दर फूट-सव्वाफुटाला पट्टी किंवा प्लायचा आधार द्या, नाहीतर पत्रा दाबला की ‘डब’ असा आवाज करत वर-खाली होतो. झाकण, आवरण, ट्रॉलीच्या बाजू यांना २२ पुरतो. मसाल्याच्या हॉपरला १८, धान्याच्या शूटच्या घासणाऱ्या भागाला १६. लो-निकेलची ताकद जास्त असली तरी ३०४ पेक्षा एक गेज पातळ घ्यायचा सल्ला मी देत नाही. पत्र्याची लवचीक वाक दोन्हींत सारखीच असते, ती ताकदीवर नाही तर जाडीवर ठरते. टेबल हलतं ते पातळ म्हणून.

फिनिशमध्ये ‘टू बी’ हा रोजचा मळकट-चंदेरी पृष्ठभाग. फॅब्रिकेशनला तोच घ्या, स्वस्त आणि साफ करायला सोपा. ‘बीए’ आरशासारखा चमकतो. तो हायड्रोजनच्या भट्टीत नरम केलेला असतो आणि भांड्यांना व सजावटीला वापरतात. ‘नंबर फोर’ आणि ‘हेअरलाइन’ हे घासून रेषा काढलेले. हॉटेलच्या ओट्यावर ओरखडे त्यात झाकले जातात, म्हणून ते लोकप्रिय. पण रेषांमध्ये मीठ आणि मळ अडकतो. खाऱ्या कामात पृष्ठभाग जितका गुळगुळीत, तितका पत्रा जास्त टिकतो. रेषा असतील तर त्या उभ्या ठेवा, पाणी निथळून जाईल.

खरेदी करताना

चुंबकापासून सुरुवात करा, पण त्याच्याकडून जास्त अपेक्षा ठेवू नका. जोरात चिकटला तर तो पत्रा ४३० किंवा तत्सम, ज्यात निकेल जवळपास नसतंच. न चिकटला तर तो ३०४ असू शकतो, २०२ असू शकतो, जे फोरही असू शकतो. भांड्याच्या वाकवलेल्या काठाला किंवा बेंडला चुंबक हलकासा ओढला जातो. ते खोट नाही. थंड अवस्थेत वाकवल्यामुळे तिथली रचना बदललेली असते.

दुसरी चाचणी थेंबाची. स्टीलच्या व्यापारात छोट्या बाटलीत द्रावण आणि बॅटरी मिळते. पत्रा घासून साफ करायचा, थेंब टाकायचा, बॅटरीचं टोक लावायचं. मँगनीज जास्त असेल तर थेंब लालसर होतो, ३०४ वर तसा होत नाही. प्रत्येक द्रावणाचा रंगांचा तक्ता वेगळा असतो, म्हणून खात्रीच्या ३०४ चा एक तुकडा खिशात ठेवा आणि दोन्ही थेंब शेजारी शेजारी टाकून बघा. ही चाचणी २०० मालिका ओळखते. जे वन आणि जे फोर यांतला फरक तिच्यावर सोडू नका. तो हवा असेल तर एक्स-रे बंदूक हाच उपाय. ती क्रोमियम, निकेल, मँगनीज, तांबं यांचे टक्के थेट दाखवते. मोठे भंगार व्यापारी आणि चाचणी प्रयोगशाळा यांच्याकडे ती असते. माल लाखाच्या वर असेल तर तपासणीचा खर्च काहीच नाही.

कागदांपैकी पत्रा बनवणाऱ्या मिलचं चाचणी प्रमाणपत्र मागा आणि त्यावरचा हीट (वितळवणीच्या खेपेचा) किंवा कॉइल नंबर पत्र्यावरच्या छापाशी जुळवा. फोटोकॉपी सगळेच देतात, जुळवून मात्र कोणी बघत नाही. भांडी आणि स्वयंपाकघरातल्या उपकरणांसाठीच्या लो-निकेल पत्र्याला भारतीय मानक ब्युरोचं स्वतंत्र मानक आहे, आयएस १५९९७. तयार भांड्यांसाठी आयएस १४७५६. लो-निकेल म्हणजे बेकायदा किंवा नकली माल, असा समज असेल तर तो काढून टाका. मानकाप्रमाणे बनवलेला आणि स्वतःच्या नावाने विकलेला लो-निकेल हा चोख माल आहे.

मग वजन. आठ बाय चार फुटांच्या शीटचं क्षेत्रफळ २.९७ चौरस मीटरच्या आसपास येतं. त्याला मिलिमीटरमधल्या जाडीने आणि ७.८ ने गुणा, किलो मिळतात. ०.९ मि.मी. ची शीट साधारण २१ किलोची भरायला हवी. काट्यावर साडेअठरा भरली तर ती ०.८ ची आहे. पत्रा वजनावर घेताना पैशाचा तोटा नाही, पण टेबल कमकुवत होईल. तयार टेबल नगावर घेताना मात्र थेट खिशाला कात्री. थोडीफार कमी-जास्त जाडी मानकातही मान्य असते, त्यामुळे शंभर-दोनशे ग्रॅमवरून भांडू नका.

शंका उरलीच तर सोपा घरगुती प्रयोग करा. तुमच्या पत्र्याचा आणि खात्रीच्या ३०४ चा तुकडा साबणाने धुऊन, दोन्हींवर दाट मिठाच्या पाण्यात बुडवलेलं फडकं टाका आणि एक-दोन दिवस ओलं ठेवा. कापलेल्या कडा सोडून मधल्या भागात बघा. फरक असेल तर दिसतो.

कापणं, वाकवणं, भोकं पाडणं

लो-निकेल पत्रा साध्या लोखंडासारखा वागत नाही आणि ३०४ सारखाही पूर्ण नाही. कडकपणामुळे शिअरवर, म्हणजे पत्रा कापायच्या मशीनवर, जोर जास्त येतो. मशीनवर लिहिलेली क्षमता साध्या लोखंडाची असते, स्टेनलेसला तिची अर्धी ते दोन तृतीयांशच धरा. पाती बोथट असतील तर कडेला मोठी बर, म्हणजे धारदार कंगोरा, येते. ती कानशीने काढायला कंटाळू नका, वेफर्सच्या टेबलावर हात कापणारी कडा हीच असते.

वाकवताना पत्रा परत उलगडतो. ३०४ पेक्षाही जास्त. नव्वदचा कोन हवा असेल तर तीन-चार अंश जास्त दाबावं लागेल. नक्की किती, ते त्याच कॉइलच्या तुकड्यावर आधी बघा, कारण दुसऱ्या कॉइलमध्ये हे बदलतं. आतली गोलाई किमान पत्र्याच्या जाडीइतकी ठेवा. एकदा वाकवून परत सरळ करून पुन्हा वाकवायचा प्रकार लोखंडात खपतो, इथे बेंडच्या रेषेत तडा जातो.

ड्रिलमध्ये सगळ्यात जास्त बिटं वाया जातात ती घाईने. वेग कमी, दाब भक्कम, बिट धारदार, वर थेंबभर तेल. बिट नुसतं घासत फिरलं की खालचा पत्रा कडक होतो आणि मग त्या जागी भोक पडतच नाही. कोबाल्टचं बिट महाग आहे, पण दिवसाला पन्नास भोकं पाडायची असतील तर त्याचे पैसे वसूल होतात.

लोखंडाचं काम केलेली ग्राइंडरची चकती, तारेचा ब्रश, टेबल यांपैकी काहीही स्टेनलेसला लावू नका. लोखंडाचे कण पत्र्यात रुततात आणि पहिल्याच पावसाळ्यात गंजतात. गिऱ्हाईक म्हणतं पत्रा खोटा दिला, आणि पत्रा बिचारा खरा असतो. छोट्या शेडमध्ये दोन्ही कामं शेजारी चालत असतील तर निदान चकत्या वेगळ्या डब्यात ठेवा आणि लोखंड कापताना स्टेनलेसवरचं प्लॅस्टिक काढू नका.

खोल ओढायचं असेल तर

डबे, पातेली, सिंक यांच्या प्रेसकामात लो-निकेलचा एक खास त्रास आहे. भांडं प्रेसमधून नीट बाहेर येतं, रांगेत लागतं, आणि काही तासांनी किंवा दिवसांनी काठापासून खाली उभी चीर पडते. रात्री गोदामात ‘टण’ असा आवाजही येतो. कारण असं की ओढताना ऑस्टेनाइटचा काही भाग मार्टेन्साइट या कडक रूपात बदलतो. त्यात भांड्याच्या भिंतीत अडकलेला ताण आणि पोलादातला हायड्रोजन यांची भर पडून उशिराने तडा जातो. निकेल कमी, त्यामुळे रचना डळमळीत, त्यामुळे हा धोका जास्त. तांबं घातलेले ग्रेड याच कारणासाठी बरे.

उपाय आहेत. एकाच फटक्यात पूर्ण खोली घेऊ नका, दोन-तीन टप्प्यांत घ्या. टप्प्यांच्या मधे भट्टीत नरम करा. काठ लवकर छाटा, कारण सर्वांत जास्त ताण काठातच असतो. ओढल्यावर भांडी पडून ठेवायची आणि आठवड्याने भट्टीला न्यायची, असं करू नका, त्याच दिवशी न्या. खूप खोल, अरुंद भांडं करायचं असेल तर जे फोरच्या मागे लागू नका. तडकून वाया गेलेली भांडी मोजली तर जे वन किंवा ३०४ स्वस्त पडतो. ताट, वाटी, झाकण अशा उथळ कामाला जे फोर उत्तम.

आर्गन वेल्डिंग

पातळ पत्र्याला आर्गन वायूच्या आवरणातलं वेल्डिंगच. स्टेनलेस लोखंडापेक्षा दीडपट जास्त फुगतं आणि उष्णता मात्र त्याच्या सुमारे एक तृतीयांश वेगाने वाहून नेतं. त्यामुळे वेल्डची जागा तापते, बाजू थंड राहते आणि पत्रा पिळतो. आधी जवळजवळ टाके मारा, पातळ पत्र्याला तीन-चार सेंटिमीटरवर. मग एका टोकाकडून सलग न जाता मधे जागा सोडत वेल्ड करा. खाली तांब्याची पट्टी ठेवली तर पिळणं बरंच कमी होतं.

फिलर तार (जोडात वितळवून भरायची) ३०८ एल घ्या. लो-निकेल पत्र्यात कार्बन जास्त असू शकतो, २०१ आणि २०२ ला ०.१५ टक्क्यांपर्यंत मुभा आहे. ४५० ते ८५० अंशांच्या दरम्यान पत्रा जास्त वेळ राहिला की हा कार्बन क्रोमियमला धरून बसतो आणि वेल्डच्या कडेला क्रोमियम कमी झालेली पट्टी तयार होते. गंज नेमका तिथूनच सुरू होतो. म्हणून करंट कमी, हात चालता आणि मधे थंड होऊ देणं, हे इथे ३०४ पेक्षा जास्त महत्त्वाचं. वेल्डनंतरची निळी-तपकिरी पट्टी सजावट म्हणून सोडू नका. ती पिकलिंग पेस्टने काढा, हातमोजे-चष्मा घाला, कारण त्या पेस्टमध्ये हायड्रोफ्लोरिक ॲसिड असतं. नंतर भरपूर पाण्याने धुवा.

या पत्र्यात मँगनीज भरपूर, म्हणून धुरातही तो येतो, आणि मँगनीजचा धूर वर्षानुवर्षं छातीत गेला तर मज्जासंस्थेवर परिणाम होतो. उन्हाळ्यात लू नको म्हणून शेडची दारं बंद करून, पंखाही बंद ठेवून वेल्डिंग चालतं. वेल्डच्या बाजूने धूर बाहेर ओढणारा छोटा एक्झॉस्ट लावा. पंखा थेट वेल्डवर नको, आर्गन उडून जातो.

जोड शक्यतो अशा करा की आत पाणी साचणार नाही. दोन पत्रे एकावर एक चढवून नुसते टाके मारलेले टेबलाचे कोपरे सर्वांत आधी गंजतात. त्या फटीत खारट पाणी शिरतं, ऑक्सिजन शिरत नाही, मग पापुद्रा पुन्हा जुळत नाही.

घरच्या भांड्यांसाठी

ताट, वाट्या, तांबे, पिठाचे डबे, धान्याची कोठी यांना लो-निकेल पुरतो आणि बाजारातली बरीच भांडी त्याचीच असतात. आखाजीला लेकीसाठी किंवा लग्नाच्या आंदणात भांडी घेताना दुकानदाराने ३०४ चा भाव लावला असेल तरच थेंबाची चाचणी मागा. शेवभाजी, आमटी, भरीत यांना काही होत नाही, फक्त रात्रभर भांड्यात शिळं ठेवू नका. कैरीचं लोणचं, मिठाचा डबा, चिंचेचा कोळ, ताक यांना काच किंवा चिनी मातीची बरणीच बरी. निकेलची ॲलर्जी असणाऱ्यांनी ‘लो-निकेल म्हणजे आपल्यासाठी’ असा अर्थ काढू नये. अन्नात किती धातू उतरतो, हे पत्रा किती झिजतो यावर अवलंबून असतं. आणि तळाशी स्वयंपाक करपत असेल तर तो ग्रेडचा दोष नाही, स्टेनलेस उष्णता पसरवण्यात मुळातच मंद आहे. तळाला ॲल्युमिनियमचा थर असलेली कढई घ्या.

निगा

रोज साबणाचं पाणी, मऊ घासणी आणि शेवटी कोरडं फडकं. कोरडं करणं हे निम्मं काम, कारण पाण्याचा थेंब वाळताना त्यातलं मीठ एका जागी गोळा होतं. तारेची घासणी नको. फरशीवरचं ॲसिड, ब्लीच आणि टीसीएल पत्र्याला लागू देऊ नका. लादी धुताना उडालेल्या शिंतोड्यांनी टेबलाचे पाय खालून खाल्लेले मी बऱ्याच युनिटमध्ये बघितले आहेत. पायांखाली प्लॅस्टिकचे बूट घाला. बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग व्हिनेगर किंवा लिंबाने जातात, मात्र लगेच धुऊन टाका.

तांबूस ठिपका दिसला तर आधी नखाने खरवडा. निघाला आणि खाली पत्रा गुळगुळीत लागला तर तो बाहेरून आलेल्या लोखंडाचा कण होता, बेकिंग सोड्याने घासून पुसा. खाली खड्डा लागला तर पत्रा खाल्ला जातोय. त्या जागी मीठ कुठून येतं ते शोधा आणि तेवढाच भाग ३०४ ने बदला. दोन्ही पत्रे एकमेकांना वेल्ड करायला अडचण नाही, तार ३०८ एल चालते.

उरलेले तुकडे आणि जुनी टेबलं भंगारात देताना ३०४ आणि लो-निकेल वेगळे बांधून खडूने नाव लिहा. भंगाराचा भाव निकेलवर ठरतो. मिसळून दिलं तर सगळ्या ढिगाला लो-निकेलचाच भाव लागतो.